चाकोरीतली बग्गी

८ जुलै, रात्र

१८७६ साली याच तारखेला दक्षिण कॅरोलिनातील हॅम्बर्ग या लहानशा गावात काळ्या शिपायांचे जे हत्याकांड घडले, त्याविषयी अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे झालेल्या साक्षी मी गेले काही दिवस रात्री थोड्या थोड्या वाचत आहे. आज तारीख लक्षात आली आणि चार ओळी लिहून ठेवल्याशिवाय दिवा मालवावासा वाटेना.

यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले, तरी दक्षिणेतील गोऱ्यांच्या जुन्या पलटणी नव्या नावांनी वावरतच होत्या. म्हणून काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, मार्च १८६७ मध्ये त्या बरखास्त करायला लावल्या. दोन वर्षांनी दक्षिण कॅरोलिनाच्या नव्या विधिमंडळाने संघराज्याशी एकनिष्ठ असे स्वतःचे नॅशनल गार्ड उभारण्याचा कायदा केला. भरती सर्वांना खुली होती, पण काळ्या माणसाच्या खांद्याला खांदा लावून कवायत करणे गोऱ्यांना मानवणारे नव्हते, त्यामुळे कालपरवापर्यंत जे गुलाम होते त्यांच्याच बहुतेक तुकड्या झाल्या. ज्याला लिहायला-वाचायला शिकणेही कायद्याने बंद होते, त्याच्या हाती सरकारने आपली बंदूक दिली. या एका कृतीचे मोल मला फार मोठे वाटते, आणि तीच बंदूक परत घेण्याची सरकारची घाई तितकीच लाजिरवाणी वाटते. यॉर्क परगण्यात कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या दहशतवादी टोळीचा उपद्रव वाढला, तेव्हा गव्हर्नर स्कॉट यांनी क्लॅनला नव्हे, तर आपल्याच पलटणीला शस्त्रे जमा करायला सांगितले. जिम विल्यम्स या कॅप्टनने ती सोडली नाहीत. मार्च १८७१ मध्ये एका रात्री क्लॅनने त्याला घरातून ओढून नेऊन झाडाला फाशी दिले.

हॅम्बर्गची हकिगत ४ जुलैपासून सुरू होते. त्या दिवशी स्वातंत्र्याला शंभर वर्षे पूर्ण झाली होती आणि गावातली काळ्यांची पलटण कॅप्टन डॉक ॲडम्सच्या हुकमाखाली रस्त्यावर कवायत करीत होती. रस्ता चांगला रुंद होता आणि त्यावर गवत माजले होते. तेवढ्यात दोन गोरे शेतकरी बग्गीतून आले आणि थेट रांगांच्या अंगावर घोडा घालू लागले. बाजूने जायला एवढी जागा असताना असे का करता, असे ॲडम्सने विचारले, तेव्हा आपण नेहमी याच चाकोरीतून जातो, असे उत्तर मिळाले. चाकोरी हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो, की तो मुळात चाकाने जमिनीत पाडलेल्या खाचेचा आहे, हे विसरूनच जातो. त्या उत्तरापाशी मी बराच वेळ थांबलो. थोडी बोलाचाली होऊन शेवटी पलटणीनेच रांगा उघडून बग्गीला वाट दिली, तरीही रस्ता अडवल्याची फिर्याद मात्र पलटणीवरच झाली.

फिर्याद ऐकणारे न्यायाधीश होते प्रिन्स रिव्हर्स. गुलामीत ते एका धन्याची गाडी हाकत. युद्धात पळून जाऊन ते संघराज्याच्या काळ्या रेजिमेंटमध्ये निशाण वाहणारे सार्जंट झाले आणि पुढे आमदारही झाले. ८ जुलैला फिर्यादींच्या बाजूने मॅथ्यू बटलर हा जुना कॉन्फेडरेट, म्हणजे युद्धात बंडखोर दक्षिणेकडून लढलेला, सेनापती आला आणि पलटणीने सगळ्या बंदुका आपल्या स्वाधीन कराव्यात, असा हट्ट धरून बसला. बंदुका राज्याच्या आहेत, त्या खासगी माणसाला देण्याचा मला अधिकार नाही, हे ॲडम्सचे म्हणणे होते, आणि एकनिष्ठ शिपाई याहून वेगळे काय म्हणणार? संध्याकाळी शेकडो सशस्त्र गोऱ्यांनी पलटणीच्या इमारतीला वेढा घातला आणि नदीपलीकडच्या ऑगस्टाहून तोफही आणली. चकमकीत एक गोरा तरुण मेला. काळ्यांपैकी सहा जण मारले गेले, आणि त्यांतल्या चौघांना तर पकडल्यानंतर एकेकाला बाहेर काढून गोळ्या घातल्या. ९४ जणांवर आरोप ठेवले गेले, पण शिक्षा एकालाही झाली नाही. बटलर पुढल्याच वर्षी सिनेटर झाला.

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्यांनी गुलामांना मुक्त केले म्हणून, आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा म्हणून. त्या अर्पणपत्रिकेनंतर तीनच वर्षांनी हॅम्बर्ग घडले. ती अर्पणपत्रिका मी आज पुन्हा काढून वाचली. त्यातला एक शब्दही मला खोटा वाटला नाही. त्या सदाचारी लोकांत ज्यांची गणना व्हायला हवी, ते पकडून गोळ्या घातलेले अ‍ॅटवे, फिलिप्स, स्टीफन्स हॅम्बर्गच्या मातीत पडले होते, एवढेच मनात आले.

१९१६ मध्ये जवळच्या नॉर्थ ऑगस्टात स्मारक उभे राहिले ते मेलेल्या एकट्या गोऱ्या तरुणाचे. हॅम्बर्ग गाव पुढे पुरांनी उठून गेले. १८७७ मध्ये राज्यातली सत्ता पुन्हा जुन्या गोऱ्यांकडे गेली, काळ्यांच्या पलटणी मोडल्या, आणि प्रिन्स रिव्हर्स आयुष्याच्या अखेरीस पुन्हा घोडागाडीच हाकू लागले.