अकराशे चार तासांचं वर्ष

फाइल आली तेव्हा दाव्याचा आकडा बघून आमच्या वकीलबाई म्हणाल्या, "यातला निम्मा तरी उडवा." मी विमा कंपनीच्या बाजूने हिशेब तपासणारा माणूस. अपघातात चूक कुणाची, हा प्रश्नच नव्हता. विमा कंपनीने ते केव्हाच मान्य केलं होतं. भांडण उरलं होतं फक्त बुडालेल्या कमाईचं.

दावेदार ३८ वर्षांचे वैमानिक, प्रवासी विमानावर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक. २०१९ च्या अखेरीस रस्त्यावरच्या धडकेत डोक्याला मार लागला, क्लास वन मेडिकल, म्हणजे उड्डाणासाठी लागणारं तब्येतीचं प्रमाणपत्र, गेलं आणि उड्डाण थांबलं. मागणी होती ६५ व्या वर्षापर्यंतच्या सगळ्या कमाईची, तीही पुढच्याच वर्षी कॅप्टन झालो असतो असं धरून. (६५ ही आंतरराष्ट्रीय उड्डाणांची वयोमर्यादा. २००६ पर्यंत कॅप्टनसाठी ती ६० होती.)

नेहमीच्या पगारदाराचा हिशेब अर्ध्या दिवसात होतो. वैमानिकाच्या पगारपत्रकाने माझा आठवडा खाल्ला. ठरलेला पगार वेगळा, उड्डाणाच्या तासांवर मिळणारे पैसे वेगळे, बाहेरगावी मुक्काम पडला की त्याचा भत्ता वेगळा. मुक्कामाचा भत्ता जेवणखाणासाठी असतो आणि तिथेच खर्च होतो. तो कमाईत धरायला मी हरकत घेतली. तासांचे पैसे मात्र खरी कमाई, त्यांना हात लावायचं कारण नव्हतं.

पण किती तास? त्यांच्या हिशेबनिसाने अपघाताआधीचा सगळ्यात भरलेला महिना उचलला होता, ९२ तासांचा, आणि त्याला बाराने गुणलं होतं. ११०४. माझं विमानांचं ज्ञान खिडकीच्या सीटपुरतं. तरी थकव्यामुळे वैमानिकांच्या तासांवर बंधन असतं हे ऐकून होतो. नियम काढून बघितले, तर वर्षाची कमाल मर्यादा बऱ्याच ठिकाणी ९०० ते १००० च्या घरात. म्हणजे नियम मोडल्याशिवाय मिळूच शकली नसती अशी कमाई आमच्याकडे मागितली जात होती!

मग लॉगबुक मागवलं. तीन पत्रं गेली, तेव्हा कुठे ते आलं. मागच्या तीन वर्षांची सरासरी निघाली महिन्याला ६४ तास. रजा, सिम्युलेटरवरच्या चाचण्या, स्टँडबायचे म्हणजे बोलावलं तरच उडायचे दिवस, हे सगळं त्या ९२ च्या महिन्यात नव्हतं. आणखी एक गंमत म्हणजे एप्रिल २०२० लाही तेच ९२ तास लावलेले. जगभर विमानं जमिनीवर उभी होती, आणि या कागदावर हे एकटे उडत होते. त्या काळासाठी मी त्यांच्याच कंपनीतल्या, त्याच प्रकारच्या विमानावरच्या फर्स्ट ऑफिसरांच्या तासांची सरासरी मागवली आणि तीच धरली.

इथपर्यंत आमची बाजू खूश होती.

मग वकीलबाईंनी डॉक्टरांचा अहवाल पुढे केला. अपंगत्व १५ टक्के. "म्हणजे कमाईही १५ टक्केच बुडाली, नाही का?" मी म्हटलं, नाही. मेडिकल असतं किंवा नसतं. १५ टक्के कमी मेडिकल घेऊन कुणी कॉकपिटमध्ये बसत नाही. "तुम्ही नक्की कुणाकडून आहात?" असं त्यांनी विचारलं, थोडं हसून. पण तो मुद्दा रेटला असता, तर ११०४ तासांवरचं आमचं बोलणंही कुणी ऐकलं नसतं.

खरी फट त्याच कागदांत दुसरीकडे होती. विमानवाहतूक खात्याच्या पत्रात शब्द होता "तात्पुरते अपात्र", पुढच्या तपासणीच्या तारखेसह. दाव्यात तो परस्पर "कायमचे" झाला होता. मेंदूला मार लागल्यावर फिट येण्याची भीती असते म्हणून थांबवतात. काळ जाईल तशी ती बहुधा कमी होत जाते. आमच्या न्यूरॉलॉजिस्टनी परतण्याची शक्यता चांगली असल्याचं लिहून दिलं. मी दोन तक्ते केले, परतले तर आणि न परतले तर. पहिल्यातही मधली वर्षं, पुन्हा प्रशिक्षण आणि लांबलेली बढती धरावीच लागली.

बढती आमच्या बाजूला शून्य हवी होती. मी ज्येष्ठता यादी मागवली. त्यांच्याबरोबर रुजू झालेल्यांपैकी बहुतेक जण अपघातानंतर तीन वर्षांच्या आसपास कॅप्टन झाले होते. पुढच्याच वर्षी नाही, पण कधीच नाही असंही नाही. मी तीन वर्षं धरली.

बँकेच्या उताऱ्यात एका प्रशिक्षण केंद्राकडून दरमहा जमा होणारी रक्कमही दिसली. सिम्युलेटरवर शिकवायला मेडिकल लागेलच असं नसतं. वकीलबाईंना यात लपवाछपवी दिसली. मी आधी साधं पत्र पाठवायला लावलं. उत्तर आलं: "ते मानधन आहे, पगार नाही, म्हणून लिहिलं नाही." ते वजा झालं, वाद न होता.

तडजोडीच्या बैठकीत ते स्वतः आले होते. मला वाटलं होतं, माणूस चिडलेला असेल. त्यांनी माझा तक्ता ओळ न ओळ वाचला आणि एका फेब्रुवारीवर बोट ठेवलं. "इथे १४ तास कमी धरलेत तुम्ही." लॉगबुक उघडून दाखवलं. दोन पानं एकमेकांना चिकटली होती, आणि झेरॉक्स काढताना मधली नोंद राहून गेली होती. मी पेन्सिलने ६४ खोडलं, पुन्हा बेरीज केली आणि कागद वकीलबाईंकडे सरकवला.