कोळसे पाडायला पंचायतीचा पैसा

मी राहतो नागपुरात, शेती कळमेश्वरकडे. कापसाची वेचणी संपली की पऱ्हाटी, म्हणजे उरलेली वाळकी झाडं, उपटायची आणि धुऱ्यावर (बांधावर) पेटवून द्यायची, हा आमचा शिरस्ता. गुलाबी बोंडअळी तिच्यातच दडते, त्यामुळे रचून ठेवायचीही सोय नाही. तीच पऱ्हाटी कमी हवेत जाळून बायोचार, म्हणजे मातीत घालायचा कोळसा, केला, तर तिच्यातला बराचसा कार्बन शेकडो वर्षं मातीत टिकतो, हे कळलं आणि मी गावच्या पंचायतीकडे लोखंडी भट्टी मागायला गेलो. स्टॉकहोम शहराने २०१७ मध्ये बागांच्या काडीकचऱ्यावर असाच प्रकल्प सुरू केला, हेही ऐटीत सांगितलं. सरपंचताईंनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "खर्चाच्या कोणत्या हेडात बसवू?"

तेव्हा पंधराव्या वित्त आयोगाचा ६० टक्के निधी बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. उरलेला ४० टक्के अबंधित, भट्टी बसली तर त्यातच. पण त्या वर्षीचा आराखडा ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर चढून गेला होता. पऱ्हाटी पुन्हा धुऱ्यावरच जळाली.

२ ऑक्टोबरची ग्रामसभा कोरमअभावी तहकूब झाली, पण त्याआधी एका आजोबांनी विचारून घेतलंच, "काऊन गा, गावाचा पैसा कोयसे पाडाले?" सगळे हसले, मीही.

पुढच्या सभेआधी मी घरामागे शंकूसारखा खड्डा खणला आणि गेल्या सालच्या तुराट्या घेऊन चार लोकांना बोलावलं. तळाशी जाळ करायचा. काड्यांवर पांढरी राख धरू लागली की वर पुढचा थर. वरचा जाळ हवा खाऊन टाकतो, त्यामुळे खालचं जळून राख होत नाही, कोळसा होतो. काड्या ओल्या असल्या की मात्र धुरानं डोळे जातात. माझ्या पहिल्या दोन थरांनी ते दाखवलंच. शेवटी पाणी मारलं. गार झाल्यावर आजोबांनी एक तुकडा मोडला. कट्‌कन वाजला. "हलका हाये," एवढंच म्हणाले.

ठराव झाला. मग इंजिनिअरसाहेबांच्या दरसूचीत भट्टी सापडेना, तीन दरपत्रकं, दोन महिने, तेव्हा कुठे भट्टी आली.

अर्जात मी कार्बन क्रेडिटचं मोठं गाजर दाखवलं होतं, ते आज मी खोडेन. एक क्रेडिट म्हणजे हवेबाहेर ठेवलेला एक टन कार्बन डायऑक्साइड, ते विकता येतं, पण त्यासाठी प्रत्येक घाण्याचं वजन, ओलावा, प्रयोगशाळेचा तपास, फोटो. एका भट्टीच्या जिवावर हा खर्च निघत नाही. पंचायतीला जमिनीचा फायदा सांगावा, तेवढा पुरतो.

जमिनीतही बायोचार कोरडा टाकला तर तो सुरुवातीला नत्र धरून बसतो, म्हणून आम्ही शेणकाल्यात भिजवतो. भट्टीचा खरा गिऱ्हाईक मात्र आमचा इस्त्रीवाला निघाला. पोत्याला रोख द्यायला तयार! पण इस्त्रीत जाळला की कार्बन परत हवेत, म्हणून ताईंनी 'जाळण्यासाठी देऊ नये' असं वहीत लिहून ठेवलंय. तो अजून दर घाण्याला येतो, "भाऊ, एकच पोतं" म्हणत.