आधी दोघींना बाजूला काढलं की गणित फसतं

७ पुरुष, ५ स्त्रिया. त्यांतून ५ जणांची समिती निवडायची, किमान २ स्त्रिया हव्यात. अकरावीतलं नेहमीचं गणित. हात आपोआप असा चालतो: अट आधी उरकून टाकू. ५ स्त्रियांतून २, म्हणजे १० प्रकार. उरलेल्या १० जणांतून कोणतेही ३, म्हणजे १२०. गुणाकार १२००.

आता अट विसरा. १२ जणांतून ५ निवडण्याचे प्रकार मुळात ७९२च. अट घातल्यावर ते वाढतील कसे?

समितीत मीना, रेखा, उषा अशा तिघी आहेत समजा. 'आधी काढलेल्या दोघी' कोण? मीना-रेखा, रेखा-उषा की मीना-उषा? समिती तीच, पण मोजली तीनदा. चौघी असतील तर सहादा, पाचही असतील तर दहादा. स्त्रियांच्या संख्येनुसार खरा हिशोब असा: दोघी ३५०, तिघी २१०, चौघी ३५, पाच जणी १. बेरीज ५९६. यातल्या २१० ची तिप्पट, ३५ ची सहापट, १ ची दहापट करून ३५० मिळवा, बरोबर १२०० येतात. चुकलेल्या उत्तराचा पै न पै हिशोब लागतो.

उलट बाजूने जाणं सोपं: ७९२ मधून एकही स्त्री नसलेल्या २१ आणि एकच असलेल्या १७५ वजा करा. इथे बरेच जण फक्त २१ वजा करून थांबतात. ते 'किमान १' चं उत्तर झालं.

अटी दोन असल्या की उलट बाजूच बरी. १५ जणांचा क्रिकेट संघ: ७ फलंदाज, ६ गोलंदाज, २ यष्टिरक्षक. अकरांत किमान ४ गोलंदाज आणि किमान १ यष्टिरक्षक हवा. घेतलेल्यांकडे नको, वगळलेल्या चौघांकडे बघा. एकूण प्रकार १३६५. दोन्ही यष्टिरक्षक बाहेर: ७८. तीन किंवा चार गोलंदाज बाहेर: १८० + १५ = १९५. दोन्ही गोष्टी एकदम घडायला किमान ५ जण वगळावे लागतील, जागा चारच. म्हणून दुहेरी वजाबाकीची भीती नाही. उत्तर १०९२.

संघात अष्टपैलू असला तर त्याला फलंदाज आणि गोलंदाज अशा दोन्ही गटांत धरू नका. तो अकरांत आहे आणि तो नाही, असे दोन वेगळे हिशोब मांडा; तो असेल तेव्हा उरलेल्यांतून ४ ऐवजी ३ च गोलंदाज लागतात.