सुई दिली तरी

चोपड्याहून निघालेली गाडी तापीचा पूल ओलांडून जळगावात आमच्या हॉस्पिटलच्या दाराशी आली, तेव्हा त्या नऊ वर्षांच्या पोरीच्या फिटला चाळीस मिनिटं झाली होती. उजवा हात आणि ओठाचा उजवा कोपरा एकाच ठेक्यात उडत होते. फिट थांबवणारं लोराझेपॅम सुईने दिलं, पाच मिनिटांनी पुन्हा दिलं. फरक नाही. लेव्हेटिरासेटॅम हे दुसरं औषध शिरेतून गेलं तेव्हा कुठे अंगठा निवला. करंगळी बराच वेळ थरथरत होती.

बाप भिंतीला टेकून उभा. शर्टावर केळीच्या चिकाचे काळे डाग. "सायेब, सुई दिधी तरी पोर शांत काब्र व्हयनी नही?"

उशीर आपणच केला, हे आईबापाच्या मनात घर करून बसतं. उशीर नडतो हे खरंच. फिट लांबली की लोराझेपॅम ज्यांच्यावर काम करतं ते पेशीवरचे रिसेप्टर पेशीच्या आत ओढले जातात. पण पोरीच्या एमआरआयवर डाव्या कपाळामागे मेंदूच्या सालीचा एक पट्टा जाड दिसत होता. फोकल कॉर्टिकल डिस्प्लेजिया, म्हणजे जन्माआधीच चुकलेली घडण.

मी म्हटलं, "भाऊ, विहिरीची मोटर चालू आहे, पाणी खोल गेलंय. शेजारच्या पाटाचं दार उघडलं तर पाणी कुठे जाईल?"

"हिरमा." म्हणजे विहिरीत.

"आणि मोटर जळालीय, विहीर पाटाच्या वर भरलीय, तर?"

तो गप्प झाला. त्याला कळलं होतं.

पेशीतलं क्लोराईड बाहेर उपसणारी मोटर म्हणजे केसीसी२ हे प्रथिन. गाबा हे मेंदूला शांत करणारं रसायन दार उघडतं, क्लोराईड आत येतं, पेशी शांत होते. लोराझेपॅम त्या दारालाच जोर देतं. पेशीत क्लोराईड साचलेलं असेल तर तेच दार उघडल्यावर ते बाहेर धावतं आणि पेशी भडकते. अपस्माराच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या मेंदूच्या तुकड्यांत फ्रान्सच्या संशोधकांनी 2002 साली अशा पेशी दाखवल्या. डिस्प्लेजियाच्या तुकड्यांतही त्या आढळल्या आहेत. या पोरीच्या डोक्यात हेच झालं, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. जिवंत माणसाच्या पेशीतलं क्लोराईड खाटेशेजारी मोजता येत नाही.

तरी घरी नेण्यासाठी लोराझेपॅमच्याच जातीच्या मिडाझोलॅमचा नाकातला स्प्रे लिहून दिलाच. वेळेवर मिळालं तर हे औषध बहुतेकदा काम करतं. पाच मिनिटं झाली की आधी स्प्रे, मग गाडी.

"मेंदूचा तो जाड तुकडा काढता येतो का?" आईने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

कधी कधी येतो. मुंबईला पाठवायच्या चिठ्ठीत मी पहिल्याच ओळीत लोराझेपॅमचे दोन्ही डोस आणि त्यांच्या वेळा लिहिल्या.