पाकिटातले पाचशे डॉलर आणि आजीची एसएसआय

अमेरिकेत नागरिकत्व घेतलेल्या आईवडिलांना किंवा घरातल्या दिव्यांग मुलाला एसएसआय (गरजू वृद्धांना आणि दिव्यांगांना सरकारकडून मिळणारी मासिक मदत) मिळत असेल, तर त्यांच्या हातावर रोख पैसे ठेवू नका. द्यायचं ते जरूर द्या, फक्त वाट बदला.

सोशल सिक्युरिटीचं निवृत्तिवेतन, एसएसडीआय (नोकरीच्या नोंदीवर मिळणारं अपंगत्व-वेतन) आणि मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) यांना भेटीदाखल आलेल्या पैशाचं सोयरसुतक नसतं. एसएसआयचं तसं नाही, ती गरज बघून मिळते. 2026 मध्ये एका व्यक्तीला केंद्राकडून महिना जास्तीत जास्त 994 डॉलर मिळतात. मोजली जाणारी शिल्लक एकट्याची 2,000 डॉलरच्या आत, जोडप्याची 3,000 च्या आत लागते. ही मर्यादा 1989 पासून तशीच आहे आणि सगळी पंचाईत तिथूनच होते.

समजा, मे महिन्यात आजीच्या पंच्याहत्तरीला नातवंडांनी पाकिटात 500 डॉलर घातले. हे तिचं मेचं उत्पन्न. दुसरं काही उत्पन्न नसेल आणि अशी भेट क्वचितच मिळत असेल तर 80 डॉलर (क्वचित मिळणाऱ्या पैशाचे तिमाहीला 60 आणि सर्वसाधारण सूट 20) सोडून उरलेले 420 एसएसआयमधून कापले जातात, सहसा दोन महिन्यांनी, म्हणजे जुलैच्या रकमेतून. थोडक्यात, नातवंडांनी दिले 500, आजीच्या पदरात पडले 80. तेही जाऊ दे. खात्यात आधीचे 1,700 असतील आणि पाकीट न फोडता ठेवलं, तर 1 जूनला शिल्लक 2,200 होते आणि जूनची एसएसआय पूर्ण जाते. भेट मिळाल्याचं 10 जूनपर्यंत कळवायचं असतं. न कळवल्यास बऱ्याच महिन्यांनी जादा रकमेच्या वसुलीचं पत्र येतं, तोवर पैसे कधीच संपलेले असतात.

त्यापेक्षा फोनचं, इंटरनेटचं बिल तुम्ही परस्पर भरा. ते उत्पन्नात धरत नाहीत. 30 सप्टेंबर 2024 पासून किराणा आणि जेवणही धरत नाहीत, तेव्हा डबे खुशाल पाठवा. घरभाडं भरलंत तर मात्र कपात होते, पण तिला कमाल हद्द आहे: 2026 मध्ये महिना 351.33 डॉलर. म्हणजे भाडं 1,500 असलं तरी कपात तेवढीच. पैसे आईच्या खात्यात टाकून तिनं भाडं भरलं, तर ही हद्द लागू होत नाही. घरमालकाला थेट द्या.

दिव्यांग व्यक्तीसाठी एबल खातं (दिव्यांगांसाठीचं करसवलतीचं बचत खातं) सर्वांत सोयीचं. 1 जानेवारी 2026 पासून, अपंगत्व वयाच्या 46 व्या वर्षाआधी आलेलं असलं की ते उघडता येतं. आधी ही अट 26 ची होती. नातेवाइकांनी त्यात भरलेले पैसे उत्पन्न ठरत नाहीत आणि 1,00,000 डॉलरपर्यंतची शिल्लक एसएसआयला दिसत नाही. त्यातून भाड्यासाठी काढलेली रक्कम त्याच महिन्यात खर्च करा. मोठी रक्कम किंवा वारसा ठेवायचा असेल तर स्पेशल नीड्स ट्रस्ट (दिव्यांग व्यक्तीच्या गरजांसाठी पैसे सांभाळणारा न्यास), आणि तो देणाऱ्याच्या पैशातून केलेला. लाभार्थ्याच्याच पैशातून केला, तर त्याच्या मृत्यूनंतर मेडिकेडची (कमी उत्पन्न असलेल्यांच्या सरकारी आरोग्य योजनेची) परतफेड आधी होते.

आता उलट बाजू. आईनं स्वतःचे पैसे कुणाला दिले तरी चौकशी होतेच. गावच्या घराच्या दुरुस्तीला भावाला पाठवलेले पैसेही भेटच. एसएसआय मागचे 36 महिने तपासते. नर्सिंग होमसाठी मेडिकेड मागितलं की बहुतेक राज्यांत मागची 60 महिन्यांची बँक स्टेटमेंट द्यावी लागतात. नातवाच्या शिक्षणाला 60,000 डॉलर दिले असतील आणि राज्यानं धरलेला नर्सिंग होमचा सरासरी मासिक खर्च 12,000 असेल, तर पाच महिने मेडिकेड पैसे देत नाही, हाच दंडाचा काळ. हे पाच महिने भेटीच्या तारखेपासून सुरू होत नाहीत. आई नर्सिंग होममध्ये असते, पुंजी संपलेली असते, अर्ज केलेला असतो, तेव्हा सुरू होतात! ‘वर्षाला 19,000 डॉलर देता येतात की’ असं हमखास ऐकू येतं. तो आकडा गिफ्ट टॅक्सचा आहे, मेडिकेडचा नाही.

भारतातली एफडी आणि विकता येण्यासारखी जमीनही मोजली जाते. अंगावरचे दागिने मोजत नाहीत, पण गुंतवणूक म्हणून घेतलेली सोन्याची नाणी मोजतात.

आईनं पैसे देऊन झालेच असतील, तर ते परत घेण्याचा मार्ग उरतो: परत आलेल्या रकमेइतका दंडाचा काळ कमी होऊ शकतो. अर्धेच परत घेऊन चालेल का, हे राज्याराज्यावर अवलंबून आहे, म्हणून अर्ज करण्याआधी त्या राज्यातल्या एल्डर लॉच्या (ज्येष्ठांच्या कायदेशीर बाबी बघणाऱ्या) वकिलाला गाठा.