शेवटचा पेपर

आज सेमिस्टरचा शेवटचा पेपर झाला. महिनाभर या क्षणाची वाट पाहत होतो, पण हॉलमधून बाहेर आल्यावर बराच वेळ नुसता जिन्यात बसून राहिलो. रूममेट तर पेपर संपताच बॅग घेऊन घरी गेला. नीट निरोपही घेता आला नाही, ते अजून टोचतंय.

खोलीवर येऊन टेबल आवरलं. झेरॉक्सचे गठ्ठे, रिकाम्या रिफिली आणि मानसशास्त्राची वही. वहीत विस्मरणाचा आलेख काढलेला. हर्मन एबिंगहाउस हा जर्मन मानसशास्त्रज्ञ स्वतःच निरर्थक अक्षरसमूह पाठ करायचा आणि ठरावीक वेळाने किती लक्षात राहिलं ते मोजायचा. १८८५ साली त्याने हे प्रयोग प्रसिद्ध केले. तासाभरातच अर्ध्याहून जास्त निसटायचं, मग विसरण्याचा वेग मंदावायचा.

त्या पानाच्या समासात मैत्रिणीच्या अक्षरात लिहिलंय, ‘हे परत एकदा सांग ना.’ लायब्ररी बंद होईपर्यंत तिला समजावत होतो. ती अडली की मीही अडायचो, मग दोघं मिळून पुन्हा पहिल्यापासून. आज नेमका तोच प्रश्न आला आणि हात कुठेच थांबला नाही. रात्र रात्र जागून एकट्याने घोकलेली दोन प्रकरणं मात्र पेपर समोर आल्यावर आठवेचनात. खूप वाईट वाटलं.

पुढच्या सेमिस्टरला आम्ही दोघं पहिल्या आठवड्यापासून एकत्र बसणार आहोत. आत्ताच तिला मेसेज केला.

गठ्ठे रद्दीत गेले. वही ठेवलीय.