ओव्हन नाही, अंडं नाही, तरी ओट्सच्या कुकीज: गंजातल्या (जाड पातेल्यातल्या), गूळ-जवस घालून

ओट्सच्या कुकीज करायला ओव्हन लागत नाही, बटर लागत नाही, अंडंही लागत नाही. हे आधीच सांगून टाकते कारण आमच्या वरुडकडच्या खेड्यात यातलं एकही घरात नसतं आणि तेवढ्यावरच बायका "आपल्याच्यानं नाई होत ते" म्हणून सोडून देतात. अहो ज्या भागात गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे आणि पानगे खरपूस भाजून निघतात तिथं कुकीज काय अवघड आहेत? भाजायचं कसं ते आपल्याला चांगलं कळतं, फक्त आच कुठं आणि किती, एवढंच बघायचं.

ओट्स मात्र नीट बघून आणा. गावच्या दुकानात बहुतेक ती मसाल्याची पुडी मिळते, ती या कामाची नाही, साधे रोल्ड ओट्स तालुक्याहून मागवून घ्यावे लागतात. हे ओट्स आधीच वाफवून मग चपटे केलेले असतात म्हणून भाजताना लवकर शिजतात. इन्स्टंटवाले फार पातळ असतात, त्यांचं पीठच होऊन जातं आणि खाताना दाताखाली काही येत नाही. पहिल्यांदा आणले तेव्हा आमचे मामंजी पाकीट हातात घेऊन म्हणाले, "हे तं ढोरायले टाकतेत वो, माणसं खातेत का?" त्यांचंही बरोबरच आहे, आपल्याकडे ओट रब्बीत चाऱ्यासाठी पेरतात, पण स्कॉटलंडसारख्या थंड ओल्या मुलखात गव्हापेक्षा हेच चांगलं पिकायचं म्हणून तिथल्या लोकांचं ते रोजचं खाणं. आता मामंजीच चहासोबत दोन मागून घेतात.

सामान असं: दीड वाटी ओट्स, त्यातले अर्धे मिक्सरमधून एकदाच फिरवून जाडेभरडे करायचे आणि अर्धे तसेच ठेवायचे. पाऊण वाटी कणीक, पाव वाटी ज्वारीचं पीठ, पाऊण वाटी किसलेला गूळ, अर्धी वाटी थिजलेलं तूप, पाव चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ, लागलं तर दोन-तीन चमचे दूध. वाटी कोणतीही घ्या, फक्त सगळ्याला एकच घ्या. ज्वारीनं मस्त खुसखुशीतपणा येतो पण पाव वाटीच्या वर जाऊ नका, तिच्यात ग्लुटेन नसतं आणि कुकी हातात घेतली की चुरा होतो.

आता जवस. अंड्याचं काम इथं जवस करतात आणि मला या सगळ्या कृतीत हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते, कारण जवस आपल्या घरात चटणीसाठी असतातच. एक मोठा चमचा जवस कोरडेच बारीक दळायचे, त्यात त्याच चमच्यानं तीन चमचे पाणी घालून ढवळायचं आणि दहा मिनिटं बाजूला ठेवून द्यायचं. आधी नुसतं तपकिरी पाणी दिसतं, भुकटी खाली बसते, मग हळूहळू ते घट्ट व्हायला लागतं आणि चमचा वर उचलला की चमच्याला लांब तार लागून येते. दाण्याच्या सालीत जो चिकटा असतो तो पाणी धरून फुगतो आणि तोच पुढं सगळं पीठ धरून ठेवतो. यासाठी मी जवस भाजत नाही, चटणीसारखे खरपूस केले तर तार तेवढी येत नाही. शेजारच्या काकूंनी खाऊन विचारलंच, "काय वो, अंडं नाई टाकलं तं हे जमून कसं आलं?" मग त्यांना तारच दाखवली.

बटरऐवजी तूप घेताना एक हिशोब लक्षात ठेवा. बटरमध्ये साधारण 80 टक्के स्निग्ध आणि बाकी बहुतेक पाणी असतं, तूप मात्र जवळपास पूर्ण स्निग्ध. म्हणून कुठल्या कृतीत 100 ग्रॅम बटर लिहिलं असेल तर तूप 80 ग्रॅमच घ्यायचं आणि वरून चमचाभर दूध घालायचं, सरळ तेवढंच तूप घातलं तर कुकी ताटात पसरते आणि खाल्ली की हात तुपाळ होतात.

तूप आणि गूळ आधी एकत्र फेटायचं, हातानं फेटलं तरी चालतं, रंग थोडा फिका झाला की जवसाचं मिश्रण घाला, मग सोडा, मीठ आणि पिठं, शेवटी ओट्स. मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. गुळात थोडी आंबट बाजू असते, तिच्यामुळं सोडा नीट काम करतो आणि रंगही छान येतो, पण सोडा वाढवू नका, साबणासारखी चव लागते. मग अर्धा तास झाकून ठेवा, म्हणजे ओट्स ओलावा पितात आणि थापताना कडा फाटत नाहीत.

यात मी संत्र्याची साल किसून घालते. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडाशी येणारी संत्री घरात आली की हे झालंच पाहिजे, बाजारातल्या कुठल्याच इसेन्सला तो वास येत नाही. आपल्या संत्र्याची साल ढिली असते म्हणून किसताना ती आत दबते, तर अख्खं फळ कोमट पाण्यानं धुऊन, कोरडं करून घट्ट धरायचं आणि बारीक किसणीवर हलक्या हातानं फिरवायचं, फक्त वरचं केशरी निघालं पाहिजे, खालचं पांढरं आलं की कडू. एका संत्र्याची पुरते. बेदाण्याऐवजी चारोळी घाला, मेळघाटाकडून कोणी येत असेल तर मागवून ठेवा, तिची चव वेगळीच.

भाजायला जुना जर्मनचा (अ‍ॅल्युमिनियमचा) जाड गंज घ्या, नॉनस्टिकचं भांडं रिकामं तापवायचं नाही. तळाला दोन बोटं जाड मीठ पसरा, त्यावर एक कडं ठेवा, घट्ट झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापू द्या. तोवर ताटलीला तुपाचं बोट लावून लिंबाएवढे गोळे करा आणि थोडे चपटे दाबून अंतर सोडून ठेवा. ताटली गंजापेक्षा लहान पाहिजे, बाजूनं गरम हवा फिरली नाही तर खालून जळतात आणि वरून कच्च्या राहतात. आत ठेवल्यावर गॅस एकदम बारीक. साधारण वीस मिनिटं लागतात, दुसऱ्या घाण्याला थोडी कमी, कारण मीठ चांगलं तापलेलं असतं. सारखं झाकण उघडू नका, पंधरा मिनिटांनी पहिल्यांदा बघा. कोणाकडे ओव्हन असेल तर 170 डिग्रीवर 12 मिनिटांच्या आसपास. ते मीठ गार करून डब्यात भरून ठेवा, परत याच कामाला येतं, स्वयंपाकात मात्र घेऊ नका.

आणि मुख्य गोष्ट, कुकी मऊ असतानाच बाहेर काढायची. कडा तांबूस झाल्या आणि मध्ये बोट लावलं तर दबतंय, तीच वेळ. कच्ची राहिली वाटून परत आत ठेवली की गार झाल्यावर दगड होते, कारण गूळ गार झाल्यावरच आवळतो. ताटलीतच दहा मिनिटं राहू द्या, मग उचला. पोरं मागं उभी असतात "मम्मी दे नं, मम्मी दे नं" करत, तरी थांबवा, गरम उचलली तर तुटतेच.

एप्रिल-मे मध्ये इकडं पारा 45 च्या पुढं जातो आणि तूप डब्यातच पाणी होतं, तेव्हा दुपारी हे करूच नका. पहाटे उठून करा नाहीतर थापलेली ताटली फ्रीजमध्ये अर्धा तास ठेवून मग भाजा, पसरणार नाहीत.

एक मात्र स्पष्ट लिहिते. ओट्स आहेत म्हणून शुगरवाल्यांनी मनसोक्त खायच्या असं नाही. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा तंतू असतो, त्यानं कोलेस्टेरॉल कमी व्हायला मदत होते हे खरं, पण त्यासाठी रोज तीनेक ग्रॅम पोटात जावं लागतं आणि दोन कुकीजमधून तेवढं येत नाही. आणि गूळ ही पण साखरच, रक्तातली शुगर वाढवतोच. घरी ज्यांना त्रास आहे त्यांना एक द्या, ती पण जेवणानंतर.

पूर्ण गार झाल्यावरच स्टीलच्या घट्ट डब्यात भरा. गूळ हवेतला ओलावा ओढतो, म्हणून हिवाळ्यात आठवडाभर छान राहतात पण पावसाळ्यात दोनच दिवसांत मऊ पडतात. तसं झालं तर परत त्याच गंजात पाच मिनिटं गरम करा आणि उघड्यावर गार होऊ द्या.